मंडईच्या सकाळचा ताप

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. आमच्या करडी गावात हे वाक्य कोणी खरं मानणार नाही, हेही सांगून टाकते — जी बाई शेजारच्या सुनेला दिवस गेल्याचं त्या सुनेच्या नवऱ्याआधी ओळखून विहिरीवर जाहीर करते, ती एक गोष्ट इतकी वर्षं पोटात घेऊन बसली आहे? बसली आहे. मलाही नवल वाटतं.

मागच्या आठवड्यात त्यातलं एक वाक्य तोंडातून निसटलं. एकच. पण ते माझ्या मुलाने ऐकलं. तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलतो, नीट जेवतो, आणि जेवताना ताटाकडेच पाहतो. तेव्हा उरलेलं लिहून काढते. तुम्ही बसा. चहा मात्र तुमचा तुम्ही करून घ्या, माझे गुडघे आता पाहुण्यांसाठी उठत नाहीत.

आधी त्या बाईची ओळख करून देते, म्हणजे मी तेव्हा जी होते तिची. तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठीला टेकलेली, पण केस काळे करायची, आणि केसांबरोबर कपाळही काळं व्हायचं. उभा जन्म अंगणवाडीत गेलेला. ताप, हगवण, खरूज या विषयांत आपण अर्धा डॉक्टर आहोत, अशी त्या बाईची ठाम समजूत. उरलेला अर्धा डॉक्टर नागपूरला असतो, असंही ती म्हणे. लोक हसत. तिला वाटे, कौतुकाने हसतात.

तिचा नवरा, म्हणजे आमचे हे, जवाहरनगरच्या कारखान्यातली नोकरी संपवून, क्वार्टर सोडून गावी परत आलेले. बोलणं कमी. शुगर होती. पित्ताच्या खड्यांपायी पित्तनळीचं एक ऑपरेशन पूर्वी झालेलं. दारूचा थेंब कधी घेतला नाही, पण लिव्हरमध्ये गाठ निघाली म्हटल्यावर गावाने त्यांना आयुष्यभराची दारू एका दिवसात पाजली. खरं कारण होतं काविळीचा जुना विषाणू. कधी अंगात शिरला आणि इतकी वर्षं गुपचूप बसला, कोणालाच कळलं नाही. गुपचूप बसणारे फक्त विषाणूच असतात असं नाही.

नागपूरला ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्या वयाने माझ्या मुलीसारख्या. त्यांनी काही लपवलं नाही. गाठ कापून काढण्याजोगी नाही, म्हणाल्या. पण मांडीच्या सांध्यातल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी लिव्हरपर्यंत नेता येते, आणि त्या नळीतून औषध भरलेले मणी गाठीच्या रक्तात सोडता येतात. रव्याच्या कणाहून बारीक मणी. ते गाठीचं रक्त अडवतात आणि आपल्यातलं औषध तिथेच हळूहळू सोडत राहतात, बाकीच्या शरीराला त्रास कमी. आमच्या ह्यांनी मान डोलावली. "म्हणजे बांधीचं पाणी तोडाचं, न आतच दवा माराचा." डॉक्टरीणबाईंना बांधी कळली नाही. नरेशने, आमच्या मुलाने, समजावून सांगितलं, की धानाच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. त्या हसल्या. म्हणाल्या, अगदी तसंच.

मग त्यांनी पुढचंही सांगितलं. गाठ जाईलच असं नाही, पण थोपेल. वेळ मिळेल. मणी सोडल्यावर काही दिवस पोट दुखेल, उलट्या होतील, ताप येईल. त्याला घाबरू नका, तो बहुतेकांना येतो आणि उतरतो. क्वचित कोणाचं पित्ताशय सुजतं, कोणाचं लिव्हर थकतं, कोणाच्या लिव्हरमध्ये पू होतो. आणि यांना शुगर आहे, पित्तनळीचं ऑपरेशन झालेलं आहे, म्हणून पुवाची भीती यांना इतरांपेक्षा जास्त. त्यासाठी आम्ही आधीपासून औषधं देऊ. पण एक गोष्ट तुम्ही सांभाळायची. ताप उतरून परत आला, थंडी वाजली, तर वाट पाहायची नाही. लगेच यायचं. पू वेळेत सापडला तर काढता येतो.

हे त्या कोणाकडे पाहून बोलल्या? माझ्याकडे. मी पुढच्या खुर्चीत होते. मान डोलावत होते, अर्ध्या डॉक्टरासारखी.

करावं की नाही यावर घरात फार बोलणं झालं. नरेश म्हणे करायचंच. भाऊबंद म्हणत, वैदूचा पाला द्या, कशाला पोटात चिरफाड. चिरफाड नव्हतीच, पण पाल्यापुढे कोण ऐकतो? आणि माझी मोठी नणंद द्वारकाबाई. तिचं सासर आमगावकडचं. भंडारा जिल्हा फुटला आणि तिचं गाव गोंदियात गेलं, तेव्हा मला वाटलं होतं, सुटले. कसलं काय, जिल्हा गेला आणि नणंद येतच राहिली. ती अंगणात बसून म्हणाली, "माह्या भावाच्या पोटात मणी टाकता? बैल आहे का तो, पोळ्याले सजवाले?" सगळे हसले. मीही हसले. नरेश हसला नाही. त्याने बापाचा हात धरला. म्हणाला, "बाबा, मी करून राहिलो तुमचं. जे होईल ते माह्यावर."

जे होईल ते माह्यावर. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं — आणि वापरलं.

दसऱ्यानंतर मणी सोडले. पोट दुखलं, उलट्या झाल्या, ताप आला, सगळं सांगितल्याप्रमाणे. नरेश रजा टाकून बसला. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावायचा, फोनवर हॉस्पिटलच्या सिस्टरला आकडा सांगायचा. ताप उतरला. घरी आलो. हे पेज घ्यायला लागले, मग भात. दिवाळीत स्वतः उठून दाराशी पणती ठेवली. मला वाटलं, झालं. बांधीतलं गवत जळालं.

आता मंडई. तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगते. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, एकेका गावाची एकेक दिवशी. सासरी गेलेल्या लेकी येतात, सोयरे येतात, घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. आणि त्या दिवशी गाई राखणारे गोवारी मोरपिसं बांधलेली ढाल, म्हणजे एक उंच बांबू, नाचवत गावातून नेतात. ती ढाल आमच्या दारापुढे थांबते. घरातला मोठा माणूस पुढे होऊन नारळ फोडतो, त्यालाच ढाल घेणं म्हणतात. सासरे फोडायचे, मग हे फोडायला लागले. जवाहरनगरला असतानासुद्धा मंडईची सुटी कधी चुकली नाही.

भाऊबीजेला द्वारकाबाई आली. भावाला ओवाळलं, डोळे पुसले, आणि बाहेर येऊन सुपारी कातरता कातरता मला म्हणाली, "डोये पाह्यले का वो त्याचे? यंदाची ढाल काई तो घेत नाही."

बस. एवढंच. आता विचार केला तर वाटतं, बहीण होती बिचारी. भीतीच बोलली असेल तिची. पण त्या केस काळे करणाऱ्या बाईला ती पैज वाटली. तिने तिथल्या तिथे ठरवलं — माझा नवरा ढाल घेणार, पांढऱ्या कडक शर्टात, खुर्चीत, सगळ्या गावासमोर, आणि ही सुपारी कातरणारी तिथे उभी राहून पाहणार. संसारात नणंदेला जिंकण्याच्या किती जागा असतात! मला नेमकी हीच सापडली.

मंडईच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मी ह्यांना चहा द्यायला गेले. चादर गळ्यापर्यंत ओढलेली. म्हणाले, "मले थंडी वाजून राहिली वो."

मी म्हटलं, "कार्तिक आहे जी. बकरीले बी वाजते."

ते हसले. मी मानेला हात लावला. अंगणवाडीत इतकी पोरं हाताळलेली बाई — हाताला कळणार नाही? कळलं. आणि मी गोळी दिली. तापाची, साधी, घरात नेहमी असते ती. नरेश पाहुण्यांसाठी भाजीपाला आणायला गेला होता. तो आला, हातपाय धुतले, थर्मामीटर लावला, तोवर गोळीने काम केलेलं. "बाबा, एकदम बरोबर आहे," म्हणाला, आणि फोनवर सांगून टाकलं, ताप नाही.

ही पहिली गोळी मी सवयीने दिली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ताप दिसला की गोळी, पोराबाळांचं करता करता हात तसाच वळतो, नाही का? असेलही. पण नरेश आकडा सांगत होता तेव्हा मी तिथेच मेथी निवडत होते. तोंड होतं ना मला? त्या तोंडाने आयुष्यात कधी संधी सोडली होती का?

आणि दुसरी गोळी? ती सवयीची नव्हती. ती सांगायलाच बसले आहे.

मंडईच्या सकाळी, उजाडता उजाडता, मी उठून ह्यांच्याकडे गेले. चहा नाही, पाणी नाही, आधी मानेला हात. अंग तव्यासारखं. दात वाजत होते. आणि मला सगळं आठवलं. खुर्ची आठवली, डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं — उतरून परत आला तर, थंडी वाजली तर. शब्दन् शब्द. मला समजलं नव्हतं असं नाही. विसरले होते असंही नाही.

मी गोळी काढली. नरेश उठायच्या आत.

ह्यांनी गोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डाक्टरीनबाईनं सांगतलं होतं ना?" म्हणाले.

मी म्हटलं, "उद्या जाऊ जी. आज घरभर पाहुणे आहेत. नरेशले नोका सांगू, तो आत्ताच गाडी काढन."

त्यांनी मान हलवली. गोळी घेतली. वाद घालणारा माणूसच नव्हता तो. माझ्याशी तर नव्हताच. ते मला कंटाळून गप्प राहत की जीव लावून, हे मी कधी विचारलं नाही. त्या सकाळी मात्र जीव लावूनच गप्प राहिले. मला ढाल हवी होती हे त्यांना माहीत होतं.

नरेशने थर्मामीटर लावला. ताप नव्हता. नसणारच.

मंडई छान झाली. खोटं कशाला सांगू? इतकी चांगली मंडई पुन्हा झाली नाही. ह्यांना आत स्वेटर घातलं, वरून पांढरा शर्ट. दारापुढे खुर्ची. ढाल आली, ढोल आला, धूळ उडाली, जिलेबीवाल्याची पोरं नाचायला पुढे आली. ह्यांनी उठून नारळ घेतला. मी खालून कोपर धरलं. नारळ एका दणक्यात फुटला. आणि मी द्वारकाबाईकडे पाहिलं. नीट पाहिलं, मान वळवून. तिने डोळ्यांना पदर लावला होता. मला वाटलं, हरली.

दिवसभर मी हसत होते. चिवडा वाढताना, पाणी देताना, हसत होते. आज आठवते ती बाई तर तिच्या काळ्या केसांसकट तिला विहिरीत बुडवून काढावीशी वाटते. पण ती कोणी दुसरी नव्हती, हाच घोटाळा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला 'माय' म्हणाले. डोळे उघडे, पण मी कोण ते त्यांना कळेना. नरेशने गाडी काढली. वैनगंगेच्या पुलावरून जाताना मी त्यांच्या कानाशी काहीतरी बोलत होते. काय ते आठवत नाही, माफीचं नक्की नव्हतं.

लिव्हरमध्ये पू झाला होता. मणी जिथे होते तिथेच, गाठीच्या मेलेल्या भागात. रक्तातही पसरला होता. पोटातून नळी घालून त्यांनी पू काढला, मोठी औषधं चालू केली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि नरेशला विचारलं, ताप कधीपासून होता?

"ताप नव्हता, मॅडम," नरेश म्हणाला. "मी स्वतः मोजून राहिलो होतो. दोन्ही टाइम."

त्यांनी पुन्हा विचारलं. थंडी? अंग गरम? त्याने पुन्हा नाहीच सांगितलं. मी त्याच्या शेजारी उभी होते, इतकी शेजारी की त्याच्या बाहीला माझी बाही लागत होती. माझ्या हातातल्या पिशवीत थर्मास होता, टॉवेल होता, आणि त्या गोळ्यांचं पाकीट होतं. बाई माझ्याकडेही पाहत होत्या — काही सांगायचंय का, अशा. मी डोळ्यांना पदर लावला. द्वारकाबाईसारखा. मंडईत तिने लावला तो खरा होता, एवढाच फरक.

मग त्या म्हणाल्या, कधी कधी तापाशिवायही होतं. हे वाक्य त्यांनी नरेशला धीर द्यायला म्हटलं. मी ते उचलून माझ्या पदराला बांधलं.

हे त्यातून उठले नाहीत. आदल्या दिवशी नेलं असतं तर वाचले असते? असं मी म्हणत नाही, कोणीच म्हटलं नाही. गाठ होतीच. पण वाचले नसते असंही कोणाला म्हणता येत नाही, आणि ते न येण्याचं कारण मी आहे.

आता तुम्हाला वाटेल, हाच तो दोष. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटायचं. पण हा एका सकाळचा. याच्यापेक्षा मोठा मी नंतर केला, आणि तो रोज केला.

तेरवीला द्वारकाबाई पंगतीसमोर नरेशला म्हणाली, "खाल्लं रे त्या मण्यांनी माह्या भावाले. कोनं सांगतलं होतं तुले?" नरेशने वाढण्याची बादली खाली ठेवली. म्हणाला, "माह्यानं चुकलं, आत्या." मी भात घेऊन मागे होते. भात वाढत पुढे गेले. एकेकाला विचारत — अजून घ्या, थोडा घ्या.

त्या दिवसापासून ते त्याचं झालं. बापाला मी मारलं, असं तो कधी म्हणाला नाही, पण गाडी चालवताना गप्प व्हायला लागला. मंडईला घरी थांबेना, ड्युटी लावून घ्यायचा. दारापुढची ढाल आता त्याचा चुलतभाऊ घेतो. आणि कोणाच्या घरी लिव्हरची गोष्ट निघाली की आमचा नरेश, जो कोणाच्या मध्ये बोलत नाही, तो आपणहून जाऊन सांगायचा — काहीही करा, मणी टाकू नका. मी ऐकायचे. त्याच्या तोंडून माझं खोटं गावभर फिरताना ऐकायचे. आणि विहिरीवर बाकी सगळ्यांचं सगळं सांगायचे.

हे असंच माझ्याबरोबर सरणावर गेलं असतं. पण आमच्या घरामागे होमराज राहतो, ह्यांच्या चुलतभावाचा मुलगा. त्याला तीच गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी तोच उपाय सांगितला. नरेशने जाऊन त्याला नको म्हणून सांगितलं, बापाचा दाखला दिला, आणि होमराज घरी बसला. पोटाला हात लावून, ओट्यावर, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा. मी भाकरी करायची आणि तो दिसायचा.

मागच्या आठवड्यात त्याची बायको ललिता आमच्या अंगणात आली. नरेश नळाशी गाडी धूत होता. ती मला म्हणाली, "काकी, तुमीच सांगा. नरेशभाऊ नाही म्हणते, डाक्टर हो म्हणते. म्या कोनाचं आयकू?"

मी म्हटलं, "घेऊन जा त्याले. मणी टाकू दे."

ती म्हणाली, "पन काकाजी त्यानंच गेले ना?"

तेव्हा ते निसटलं. मी म्हटलं, "टाकल्यावर ताप येईन, उतरन. उतरून पुन्हा आला त घरी ठेवू नोको. आन् हे पाह्य ललिता, गोळी द्याच्या आधी ताप मोजजो. आधी मोजजो वो बाई. गोळी दिल्यावर थर्मामीटर खोटं सांगते."

नळ चालूच होता. नरेशने तो बंद केला नाही. पाणी गाडीवरून, त्याच्या पायांवरून वाहत होतं, आणि तो माझ्याकडे पाहत होता. मग त्याने फडकं पिळलं, दांडीवर टाकलं, आणि ललिताला म्हणाला, "वहिनी, तयारी करा. मी येतो तुमच्यासंगं."

तो होमराजला घेऊन गेला. काल मणी सोडले. आज होमराजला ताप आहे, पहिला, येतो तो. नरेशने तिथून मला फोन केला. म्हणाला, ताप आहे, गोळी अजून दिली नाही, आधी मोजला. मी म्हटलं, बरं केलं. त्याने काही विचारलं नाही. बापासारखा आहे, विचारत नाही.

मी त्याची माफी मागणार नाही. मागितली तर तो देईल, मला माहीत आहे. हा कागद तो आल्यावर त्याच्या ताटाशेजारी ठेवीन, म्हणजे त्याला मान वर करावी लागणार नाही.

ताप होता, नरेश. मंडईच्या आदल्या दिवशी होता आणि मंडईच्या सकाळी होता. तू बरोबर मोजला होतास. मले माहीत होतं.